ज्यांची गोष्ट, त्यांच्यापर्यंत



सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात गेल्या. कोरोनाची दुसरी लाट तेव्हा भरात होती. शोकसभा घ्यावी, चार जणींनी एकत्र बसून बोलावं, असे ते दिवस नव्हते. वर्तमानपत्रांनी ‘ज्येष्ठ दिग्दर्शिका’ म्हणून बातम्या दिल्या, सुवर्णकमळाची आठवण काढली, चित्रपटांची यादी छापली. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण समाजकार्याचं शिक्षण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माझ्यासारखीला त्या यादीच्या आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. कॅमेऱ्यामागे उभ्या राहण्याआधी सुमित्राताई समाजकार्य शिकवत होत्या. शिकवणं सोडून सिनेमाकडे वळण्याची गरज त्यांना का वाटली, हा प्रश्न आज आपल्या संघटनेपुढे अगदी रोखठोक उभा आहे. म्हणून या अंकाचं संपादकीय त्यांच्यावर.

त्यांचा जन्म १९४३ चा, पुण्याचा. फर्ग्युसन कॉलेज, पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, मग मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून ग्रामीण कल्याणाची पदविका. दिल्लीला आकाशवाणीवर काही काळ मराठी बातम्या दिल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत जवळजवळ दहा वर्षं त्या अध्यापक होत्या. त्या काळातल्या बऱ्याच सुशिक्षित, संवेदनशील स्त्रियांची वाट साधारण अशीच होती. पुढचं वळण मात्र वेगळं आहे.

पुण्यात ‘स्त्रीवाणी’ नावाचा एक अभ्यासप्रकल्प होता. त्यात सुमित्राताई वस्त्यांमधल्या दलित स्त्रियांशी बोलत होत्या. विषय होता त्या बाईची स्वतःबद्दलची प्रतिमा. आपण कोण आहोत, आपली किंमत काय, असं तिला स्वतःला काय वाटतं? विषय लहान दिसतो, पण तो विचारायला माणूस जवळचा लागतो. बाया बोलल्या. नवऱ्याबद्दल, दारूबद्दल, कामाबद्दल, जातीबद्दल, मुलांबद्दल. अभ्यास पुढे सरकला तसा त्यांना प्रश्न पडला, की हे सगळं लिहून काढल्यावर वाचणार कोण? ज्यांनी सांगितलं त्यांना तर अक्षर येत नाही. त्यांचंच आयुष्य, पण अहवालात गेलं की ते त्यांना परकं होणार. सिनेमाचा विचार त्यातून आला. पडदा वाचावा लागत नाही.

यातल्या आठ जणींच्या कहाण्यांचं पुस्तक दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने १९८८ साली काढलं. ‘पॅन ऑन फायर’ हे त्याचं नाव, आणि इंग्रजी अनुवाद गौरी देशपांडे यांचा. पुस्तक महत्त्वाचंच आहे. पण पाहा, बाया बोलल्या आपल्या मराठीत, तवा आणि चूल यांच्या भाषेत, आणि त्यांच्या बोलण्याला पुठ्ठा बांधला गेला तो इंग्रजीचा. ‘बाई’ हा लघुपट त्याच्या तीन वर्षं आधी, १९८५ साली, होऊन गेला होता. वस्तीत राहणाऱ्या, संसार एकटीने ओढणाऱ्या बाईची ती गोष्ट. सुमित्राताईंचं वय तेव्हा बेचाळीस. चित्रपटाचं कुठलंही शिक्षण नाही. सुनील सुकथनकर हा तरुण मदतीला आला आणि पुढे साडेतीन दशकं त्यांच्याबरोबरच राहिला, आधी सहायक म्हणून आणि नंतर बरोबरीचा दिग्दर्शक म्हणून. ‘बाई’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८७ साली ‘पाणी’ आला. तो कोरड्या गावातल्या बायकांचा.

बेचाळिसाव्या वर्षी नवीन विद्या शिकायची, तीही लाखांचा खर्च आणि पुरुषांची गर्दी असलेली, हे धाडस कौतुकाचं आहेच. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यामागचा हिशोब. त्यांनी माध्यम निवडलं ते स्वतःच्या आवडीने नाही, समोरच्या बाईच्या सोयीने. आपल्या क्षेत्रात हे उलटं चालतं. देणगीदाराला काय वाचायचंय, शासनाच्या तक्त्यात काय बसतंय, परिषदेत काय मांडता येईल, यावरून आपण बाईला प्रश्न विचारतो. अहवालात ती ‘प्रतिसादक क्रमांक अमुक’ होते. तिने शेवटचं उत्तर दिलं की तिचा आणि त्या कागदाचा संबंध संपतो. दोन वर्षांनी दुसरी संस्था तेच प्रश्न घेऊन तिच्या दारात उभी राहते आणि ती बिचारी पुन्हा चहा ठेवते.

बाई स्वतःच प्रेक्षक असणार म्हटलं की मग लबाडी चालत नाही. कळशी डोक्यावर घेताना चुंबळ कशी ठेवतात, भांडण झाल्यावर बाई आधी काय उचलते, पोराला की चुलीवरच्या भाताला, हे चुकलं तर ती तिथल्या तिथे हसते. प्राध्यापकांच्या समितीपेक्षा ही परीक्षा कडक.

पण इथे आपल्या जिल्ह्यातलीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं फार एकतर्फी होईल. सुमित्राताई पुण्याच्या वस्त्यांत ऐकत होत्या, त्याच सुमारास फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. बेबीताईंच्या घरचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिलेलं घरातल्यांपासून वीसेक वर्षं लपवून ठेवलं. त्यांच्याकडे कोणी प्रश्नावली घेऊन गेलं नव्हतं. महार समाजातल्या बायकांचं जगणं, त्यात सासूने सुनेला आणि नवऱ्याने बायकोला केलेली मारहाणसुद्धा, त्यांनी स्वतःच्या हाताने मांडली. पुढे १९९० नंतर दलित स्त्रियांच्या संघटनांनी विचारलंच, की आमच्या वतीने तुम्ही किती दिवस बोलणार? हा प्रश्न सुमित्राताईंच्या कामालाही लागू आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा, कुठे कापायचं, शेवट काय करायचा, हे ठरवणाऱ्या त्याच होत्या, आणि त्या वस्तीतल्या नव्हत्या. मला वाटतं, त्यांचं काम बेबीताईंच्या लेखनाच्या शेजारी ठेवूनच पाहायला हवं. त्याच्या जागी नाही. ज्या बाईला स्वतः लिहिता येतं तिच्या वाटेत आपण येऊ नये. जिला अजून येत नाही, तिचं घेतलेलं तिला परत करावं. दुसरी गोष्ट सुमित्राताईंनी केली, आणि त्या काळात ती करणारे फार थोडे होते.

आता ‘दोघी’कडे येते. १९९५ चा हा चित्रपट आपल्या भागातल्या गटांमध्ये मी पुष्कळदा दाखवला आहे. समाजमंदिरात, एकदा शाळेच्या वऱ्हांड्यात, पांढरी चादर बांधून. गौरी आणि कृष्णा या दोघी बहिणी. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडावर अपघाताचा घाला पडतो. दोष कोणाचा? पोरीचा. ती अवलक्षणी ठरते. घर खचतं, पैसा संपतो, आणि मामा तिला मुंबईला नेतो. ती तिथे काय करते हे आईला कळतं, कळूनही पैसे येत राहतात. मग कृष्णाच्या लग्नाला गौरी गावी येते. जिच्या पैशावर घर चाललं तिची सावलीही शुभकार्यावर नको. उत्तरा बावकर यांनी ही आई केली आहे. ती दुष्ट नाही, आणि म्हणूनच अंगावर येते.

माणमधल्या एका गावात सिनेमा संपल्यावर दिवा लावला तर कोणीच उठेना. बोलायलाही तयार नाही. मग मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, “मामाला कुणी काय बोललं न्हाई.” झालं. तिथून जे बोलणं सुरू झालं ते रात्री साडेअकरापर्यंत. कोणाची नणंद, कोणाची मावशी, कोणाचं मोडलेलं लग्न आणि मग पुन्हा कधीच न आलेलं स्थळ. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द एकीने उच्चारला आणि दुसरी म्हणाली, मला म्हणायचे. स्त्रियांवरील अत्याचार या विषयावर त्याच गावात आम्ही पूर्वी तीन व्याख्यानं घेतली होती. बाया वेळेवर यायच्या, हळदीकुंकवाला बसावं तशा बसायच्या, आणि टाळ्या वाजवून जायच्या.

सांगलीला मात्र हाच चित्रपट वेगळा दिसतो. तिथे १९९६ पासून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी आहे. धंदा करणाऱ्या बायांची स्वतःची संघटना, ‘संग्राम’च्या एड्स प्रतिबंधाच्या कामातून उभी राहिलेली. आम्हाला सोडवायला येऊ नका, आधी माणूस म्हणून वागवा, पोलिसांचा मार थांबवा, आमच्या मुलांना शाळेत नीट घ्या, ही त्यांची मांडणी. त्या नजरेतून पाहिलं तर ‘दोघी’तली मुंबई फारच काळीकुट्ट आहे, आणि गौरी फारच बिचारी. ज्या बाईने तिथे आपलं आयुष्य उभं केलं, मुलं शिकवली, गावाकडे घर बांधलं, तिला या गोष्टीत जागा नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. तरी एक गोष्ट सुमित्राताईंनी नेमकी पकडली होती. गौरीचं सगळ्यात मोठं दुःख मुंबईत घडत नाही. ते घडतं आईच्या उंबऱ्यावर. पैसा चालतो, बाई चालत नाही. यावर मतभेद व्हायला फारसा वाव नाही.

मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव चांगले आहेत, ते व्हावेत. पण ‘दोघी’त कुंकू पुसण्याचा प्रश्नच नाही. तिथे लग्नच लागलेलं नाही आणि तरी पोरगी अपशकुनी झाली. ठरावाच्या भाषेत हे बसवायचं कसं?

असाच दुसरा प्रसंग आपल्या साताऱ्याचा. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींचं नाव बदलण्याचा कार्यक्रम केला. देशोदेशीचे वार्ताहर, कॅमेरे आले. मुलींनी नवी नावं घेतली, काहींनी नट्यांची. प्रशासनाने ही गोष्ट मनावर घेतली हे मोठंच. पण कॅमेरा दुपारपुरता आला आणि गेला. मुलीचं नाव बदललं तरी हाक मारणारं घर तेच राहिलं. सुमित्राताईंच्या पहिल्या अभ्यासाचा विषय, बाईची स्वतःबद्दलची प्रतिमा, तो यापेक्षा उघडा कुठे दिसणार? ‘नकोशी’ ही प्रतिमा बारशालाच चिकटवलेली.

त्यांचा शेवटचा चित्रपट ‘दिठी’ याच जखमेजवळ येतो. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराने, मे २०२१ मध्ये, घरबसल्या पाहायला मिळाला. रामजी लोहार, पंढरीची वारी करणारा. तरुण मुलगा पाण्यात गेला, आणि सुनेला मुलगी झाली. गेलेल्याच्या जागी मुलगा यायला हवा होता, असं त्याचं मन म्हणतं. मग पावसाच्या रात्री अडलेली गाय सोडवायला तो जातो. पुढचं सांगत नाही, पाहा. आपल्याकडच्या वारकरी बाप्यांना बसवून दाखवण्यासारखा चित्रपट आहे. स्त्रियांच्या प्रश्नावर दर वेळी स्त्रियांनाच का बसवायचं?

मधल्या वर्षांचं काम खूप आहे, आणि सगळंच सारख्या ताकदीचं आहे असं मी म्हणणार नाही. लघुपट पन्नासाच्या वर. ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, कोड असलेल्या मुलीवरचा ‘नितळ’, माहितीच्या अधिकारावरचा ‘एक कप च्या’, विस्मरणाच्या आजारावरचा ‘अस्तु’, आणि ज्याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं तो ‘कासव’. काही ठिकाणी विषय समजावून सांगण्याची घाई दिसते, पात्रं मध्येच शिकवायला लागतात. अध्यापिका जागी होते म्हणा ना! आणि माणसं हळूहळू पुण्याच्या सुशिक्षित घरांमधली होत गेली, ही माझी जुनी तक्रार. ‘बाई’तली बाई कुठे गेली, असं वाटत राहतं.

तरी ‘वेलकम होम’ (२०१९) पाहिल्यावर माझी तक्रार थोडी मवाळ झाली. शिकलेली, नोकरी करणारी बाई नवऱ्याचं घर सोडून मुलीसकट आईवडिलांकडे येते. कोणी तिला हाकलत नाही. सगळे प्रेमळ आहेत. पण आपलं घर कोणतं, हा प्रश्न तिला सुटत नाही. हा प्रश्न शिकलेल्या बाईचा आहे आणि आटपाडीतल्या परित्यक्तेचाही आहे. सांगली जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी परित्यक्तांची चळवळ उभी केली ती याच मुद्द्यावर. कायद्याने पुढे बरंच दिलं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ च्याच कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला. आणि तलाठी कार्यालयात जाऊन पाहा, बहिणींची हक्कसोडपत्रं येतच आहेत. भावाने साडी नेसवली, डोळे पुसले, अंगठा घेतला. माहेर तुटू नये म्हणून बाई माहेरातला वाटा सोडते. चित्रपटात हक्कसोड कुठेच नाही, पण जत तालुक्यातल्या गटात तो दाखवला तेव्हा पहिला प्रश्न त्याचाच निघाला.

हे चित्रपट तयार कसे झाले, तेही लक्षात घेण्यासारखं. मोठा निर्माता नाही, नाचगाणी नाहीत. कधी चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन, कधी एखाद्या आजारावर काम करणारी संस्था. ‘नितळ’च्या मागे कोड असलेल्यांसाठी काम करणारी पुण्याची श्वेता असोसिएशन होती. त्यामुळे चित्रपटगृहात तो टिकला नाही तरी त्याला घेऊन फिरणारी माणसं आधीच तयार होती. साताऱ्या-सांगलीत असे चित्रपट गृहात किती दिवस राहणार? एखादा आठवडा, तोही दुपारच्या खेळाला, आणि दुपारी बाया रानात. त्यांची खरी गृहं म्हणजे आपली समाजमंदिरं. ती बांधायला पैसा लागत नाही, पण पडदा बांधणारं कोणीतरी लागतं.

आता आपल्या संघटनेकडे. गेलं वर्षभर माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांत आपण एकल स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, लग्न न झालेल्या. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण झालं आहे, कार्यकर्त्यांनी रात्री जागून ते उतरवून काढलं आहे. अहवाल तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. मागच्या बैठकीत त्याच्या छपाईवर, इंग्रजी भाषांतरावर आणि मुंबईतल्या प्रकाशन समारंभावर चर्चा झाली. शासनापुढे मांडायला कागद लागतो, हे मला मान्य आहे. निराधार योजनेचं अनुदान, रेशनकार्डावर स्वतंत्र नाव, घराच्या उताऱ्यावर नाव या मागण्या आकड्यांशिवाय कोणी ऐकत नाही. तो कागद करूच. पण ज्यांनी सांगितलं त्या बायांच्या वाट्याला पुन्हा फक्त निमंत्रणपत्रिका येणार असेल तर माझा त्याला विरोध आहे, आणि तो मी इथे सगळ्यांसमोर नोंदवते.

माझी सूचना अशी. मुंबईचा समारंभ रद्द करावा. ती रक्कम परतफेरीसाठी ठेवावी. ज्या ज्या गावात मुलाखती झाल्या तिथे आपण पुन्हा जावं, बायांच्या परवानगीने त्यांच्याच आवाजातले निवडक भाग त्यांना ऐकवावेत, आणि अहवालाचा कच्चा मसुदा मराठीत, मोठ्याने, थांबत थांबत वाचून दाखवावा. जिला आपलं बोलणं काढून टाकायचंय तिचं काढावं. जिला वाढवायचंय तिने वाढवावं. त्यानंतरच छपाई. यात तीन-चार महिने जास्त जातील. देणगीदार संस्थेला मी तसं पत्र लिहायला तयार आहे. आणि मोबाइल हातात असलेल्या तरुण मुलींना त्याच गावांत चित्रण करायला शिकवावं, म्हणजे पुढच्या खेपेला प्रश्न विचारणारीही त्याच गावची असेल.

परतफेरीच्या प्रत्येक मुक्कामी संध्याकाळी एक चित्रपट दाखवायचा आहे. सुरुवात ‘दोघी’ने. ‘बाई’ आणि ‘पाणी’ची दाखवण्याजोगी प्रत कोणाकडे असेल, जुन्या संस्थेच्या कपाटात, एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात, तर कृपया कळवावं. प्रत सांभाळून परत करू. प्रोजेक्टर आपला आहे, स्पीकर मात्र एकच आणि तोही फाटलेल्या आवाजाचा. पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सातारा कार्यालयात, सकाळी अकराला. ज्यांना माझी सूचना पटत नाही त्यांनी तर नक्कीच यावं. माण आणि जतच्या मैत्रिणींसाठी येण्याजाण्याचं एसटी भाडं संघटना देईल.

आपली,
संपादक